वस्तऱ्याला दोष देण्याआधी दगड तपासा

आमचा धंदा कपड्याचा. कापडाच्या दुकानात वाढलेल्या पोराला पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकवली जाते. मापात घोळ दिसला तर थानावर शंका घेण्याआधी आपला गज तपासा. गज वाकलेला किंवा टोकाला झिजलेला असेल, तर दिवसभर कितीही इमानदारीने मोजा, हिशेब चुकणारच. धार लावण्याच्या कामालाही हाच कायदा लागू आहे, हे मला बरेच उशिरा समजले आणि ते आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध खलीफांमुळे समजले.

या खलीफांकडे त्यांच्या वालिदांच्या वेळचे शेफील्डचे दोन वस्तरे होते. गिऱ्हाईकासाठी ते कधीच बंद झाले होते. स्वतःची दाढी मात्र खलीफा त्यांनीच करीत. काही महिन्यांपासून दोन्ही वस्तरे धार घेईनात. एक वस्तरा त्यांनी धार लावणाऱ्या एकाकडे दिला. त्याने तो मोटारीच्या चाकावर धरला. परत आला तेव्हा धारेवर निळा डाग होता. म्हणजे पोलादाचे पाणी उतरले होते. दुसरा वस्तरा भंगारात टाकायला निघाले तेव्हा मी दुकानात बसलो होतो. ते म्हणाले, "सेठ, लोहा मर गया."

मी धारेतला जाणकार नव्हतो. सवयीने हातातली स्टीलची पट्टी त्यांच्या दगडावर उभी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांना दगड टेकत होता आणि मधून उजेड आरपार दिसत होता. नख आत जाईल एवढी फट होती. लोहा मेला नव्हता, गज वाकला होता. दगड सपाट करायला दोन तास गेले आणि त्याच संध्याकाळी वस्तरा धारेवर आला. मोटारीवर गेलेला वस्तरा मात्र कायमचा गेला. तेव्हापासून या विषयात मी जे पाहिले, करून बघितले आणि जाणकारांकडून शिकलो, ते आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

दगडाला एवढे महत्त्व का?

घरातली सुरी आपण हाताने कोन धरून दगडावर चालवतो. दगड थोडा खोलगट असला तरी हात सांभाळून घेतो. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन हात ठरवत नाही. तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून ठरतो आणि बहुतेक वस्तऱ्यांत १६-१७ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे इथे दगड नुसता घासण्याची वस्तू नाही, तो माप आहे.

आता हात बहुधा दगडाच्या मधल्या भागावर चालतो. त्यामुळे मधला भाग लवकर झिजतो व दगड पोटात बसतो. अशा दगडावर पात्याची टाच आणि टोक घासले जाते, मधली धार दगडाला धड टेकतच नाही. कारागिराला वाटते की जोर कमी पडतोय. तो दाबून घासू लागतो. दाबल्याने पातळ धार वाकते, पाठही नको तेवढी झिजते आणि कोनच बदलून जातो. दोष दगडाचा, पण आयुष्य वस्तऱ्याचे कमी होते.

आपला दगड ओळखा

उर्दूत ज्याला सिल्ली म्हणतात आणि मराठीत सहाण किंवा निसणा म्हणतात, त्याचे नैसर्गिक व कृत्रिम असे दोन प्रकार आहेत. जात ओळखल्याशिवाय देखभाल करता येत नाही.

नैसर्गिक दगडांत बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोतिक्यूल जगभर नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे अतिशय बारीक कण असतात व तेच पोलाद कापतात. याला पाणी लागते, पण भिजत घालावे लागत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला दगड जवळजवळ निव्वळ गारेचा, फार घट्ट आणि फार सावकाश झिजणारा. तो बहुधा तेलावर चालवतात. जर्मनीतल्या थुरिंगियाचे पाटीच्या जातीचे दगड आणि जपानमधल्या क्योटो परिसरातले दगड हेही वस्तऱ्यासाठी प्रसिद्ध आहेत. यांतल्या बऱ्याच जुन्या खाणी बंद झाल्या असल्याने जुन्या दगडाला आजही किंमत आहे.

कृत्रिम दगड मुख्यतः दोन पदार्थांचे असतात. एक ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजेच आपला कुरुंद. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही दक्षिण भारतातल्या कुरुंदावरूनच गेलेला आहे. दुसरा सिलिकॉन कार्बाइड. तो अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली तयार केला व कार्बोरंडम या नावाने बाजारात आणला. दोन्ही पदार्थ गारेपेक्षा बरेच कठीण आहेत.

कृत्रिम दगडावर नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. १००० नंबरचा दगड धारेचा उतार बसवतो, ४००० व ८००० नंबरचे त्यावरचे ओरखडे बारीक करीत नेतात आणि १२००० नंबरचा किंवा चांगला नैसर्गिक दगड शेवटचा हात देतो. जपानी, अमेरिकी व युरोपीय नंबर एकसारखे नसतात, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. एकाचा १००० हा दुसऱ्याच्या १००० एवढाच बारीक असेल असे नाही. शक्यतो एकाच कंपनीचे दगड क्रमाने घ्यावेत.

दगड सपाट कसा करावा?

यासाठी टेबलावर टाकतात तशी जाड काच, पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर (आपण ज्याला वॉटर पेपर म्हणतो तो), साधी पेन्सिल आणि स्टीलची पट्टी, एवढेच सामान लागते.

प्रथम पट्टी दगडावर उभी, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून उजेडात पाहावी. नंतर दगडाच्या सगळ्या तोंडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघांची चौकट काढावी. काचेखाली ओले फडके ठेवावे म्हणजे ती सरकणार नाही. काचेवर पाणी टाकून पेपर चिकटवावा. फार खोलगट दगडाला २२० नंबरचा पेपर घ्यावा, थोड्या दोषाला ४०० पुरतो. दगड पालथा करून, जोर न देता, भरपूर पाण्यात घासावा. दर पंधरा-वीस हातांनी दगड टोकाकडून टोकाकडे फिरवावा. नाहीतर हाताचा भार एकाच बाजूला पडून दगड उतरता होतो.

थोड्या वेळाने दगड धुऊन पाहावा. काठावरच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या, तर दगड पोटात बसलेला आहे. मधल्या आधी गेल्या तर दगड फुगलेला आहे. सगळ्या रेघा जाईपर्यंत काम चालू ठेवावे. मग पुन्हा रेघा काढून एकदा खात्री करावी. दुसऱ्या वेळी सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

यानंतर दोन कामे बहुतेक लोक विसरतात. पहिले, दगडाच्या चारही कडा ४५ अंशांत थोड्या मोडून घ्याव्यात. तीक्ष्ण कड धारेला लागली की दाते पडतात, आणि कडेचा सुटलेला कण पुढच्या हाताला धारेखाली येतो. दुसरे, दगड वाहत्या पाण्याखाली जुन्या दातांच्या ब्रशने स्वच्छ धुवावा. पेपरचे सुटे कण दगडावर राहिले तर बारीक दगडही खरखरीत दगडासारखे ओरखडे पाडतो. बारीक नंबरच्या दगडावर शेवटी १००० किंवा त्याहून बारीक पेपर फिरवावा, म्हणजे २२० पेपरच्या खुणा निघून जातील.

काही जण दगड फरशीवर वाळू टाकून घासतात. ते टाळावे. फरशी दिसते तेवढी सपाट नसते आणि वाळूचा कण दगडात रुतून बसतो. दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतात, हा समजही अर्धाच खरा आहे. पुष्कळदा एक दगड खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर होतो आणि दोन्ही एकमेकांवर बरोबर बसलेले दिसतात. तीन दगड आळीपाळीने एकमेकांवर घासले तरच ही पद्धत खरी ठरते.

दगड कधीही कोरडा घासू नये. गारेच्या दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात जाणे धोक्याचे आहे. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये याच धुळीने होणारा सिलिकोसिस हा आजार सर्वांना माहीत आहे. पाणी वापरले की धूळ उडत नाही.

पाणी आणि तेल

पाण्याच्या दगडाला तेल लावू नये. एकदा तेल मुरले की तो दगड पाण्यावर पूर्वीसारखा चालत नाही. जाड छिद्रांचे १००० नंबरचे काही दगड दहा-पंधरा मिनिटे भिजवावे लागतात. बुडबुडे थांबले की समजावे, पाणी भरले. बारीक दगड मात्र नुसते वरून पाणी शिंपडून चालतात. असे दगड दिवसच्या दिवस बादलीत ठेवले तर त्यांतले काही मऊ पडतात, काही चिरतात. दगडाबरोबर आलेला कागद वाचावा आणि त्याप्रमाणे करावे.

काम झाल्यावर दगड पुसून सावलीत, कडेवर उभा करून सुकवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, घाईने सुकलेला दगड तडकतो. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात ओला दगड डब्यात बंद केला तर बुरशी धरतो. पाटीच्या जातीचे थरांचे दगड पाण्याने सुटण्याची भीती असते. त्यांच्या बाजूंना व खालच्या तोंडाला वार्निश लावून ठेवावे, वरचे तोंड मोकळे ठेवावे.

तेलाच्या दगडाला हलके खनिज तेल वापरावे. शिलाई मशीनचे तेल उत्तम. खोबरेल किंवा गोडे तेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते व दगडाची छिद्रे बुजवते. काम संपल्यावर काळे झालेले तेल तसेच सुकू न देता लगेच पुसावे. जुना चिकटलेला दगड आधी रॉकेलने व ब्रशने, मग गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने धुवावा. दगड उकळू नये.

तक्रार कोणती, उपाय कोणता

*दगड गुळगुळीत लागतो, पोलाद कापत नाही.* दगडावर काळसर, चमकदार पट्टे दिसत असतील तर पोलादाचा कीस छिद्रांत भरला आहे. त्याच जातीच्या लहान दगडाच्या तुकड्याने पाण्यात घासून तोंड मोकळे करावे. फरक पडला नाही तर वॉटर पेपरवर थोडा फिरवावा. जोर लावून काम काढू पाहू नये.

*काही ठिकाणी धार येते, काही ठिकाणी नाही.* धारेच्या उतारावर मार्कर पेनने शाई लावावी व दोन्ही बाजूंनी दोन-दोन हलके हात द्यावेत. शाई जिथे राहिली तिथे दगड टेकलेला नाही. हे नुकत्याच सपाट केलेल्या दगडावर करावे. मग शाई राहिली तर दोष पात्याचा, म्हणजे पाते किंचित वाकलेले आहे. अशा पात्याला दगडावर तिरके ओढत टाचेपासून टोकापर्यंत न्यावे लागते. शाई धारेच्या अगदी टोकावर सलग राहिली असेल, तर उतार अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. तेव्हा बारीक दगडावर वेळ घालवणे फुकट आहे, १००० वर परत जावे.

*धारेला बारीक दाते पडतात.* पहिला संशय सुट्या कणावर घ्यावा. दर दगडानंतर वस्तरा, हात आणि पाण्याचे भांडे धुवावे. जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तरी काम बिघडते. दुसरा संशय कडेवर, तिसरा जोरावर. फार वेळ घासत राहिल्यानेही अती पातळ झालेली धार तुटते.

*वस्तरा ओढतो किंवा दाढीनंतर जळजळ होते.* ओढत असेल तर आधीच्या दगडाचे ओरखडे राहिले आहेत, दोन पायऱ्या मागे जावे. नैसर्गिक दगडावरचे गढूळ पाणी शेवटपर्यंत तसेच ठेवले असेल तरी धार खरखरीत राहते. शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने द्यावेत. त्यानंतर चामड्याचा पट्टा, म्हणजे चमोटा आलाच. दगडावर धार पुढे चालते आणि चमोट्यावर पाठ पुढे. उलटले तर चमोटा कापला जातो व धारही जाते.

*दगड पडून तुटला.* टाकू नये. मोठे तुकडे लाकडाच्या फळीवर इपॉक्सीने नीट बसवून सपाट करता येतात. लहान तुकडा तोंड साफ करायच्या कामाला येतो.

जुना दगड घेताना व विकताना

मुंबईच्या चोर बाजारात आणि गावोगावच्या जुन्या बाजारांत असे दगड कधीमधी हाती लागतात. खोलगटपणा पाहून मागे हटू नये. जाडी भरपूर असेल तर तो दोष जातो. पाहायची गोष्ट चीर. दगड ओला करून उजेडात धरावा. वरचे पाणी सुकत येते तेव्हा चिरेची रेघ ओली राहते व दिसून येते. बोटावर तोलून हलके ठोकले असता आवाज खणखणीत यावा. फुटका, दबका आवाज आला तर शंका घ्यावी. नखाने ओरखडा पडतो का, तेल मुरले आहे का, हेही पाहावे.

विकणाऱ्याने चीर किंवा मुरलेले तेल आपणहून सांगावे. ऐब लपवून दोन पैसे जास्त मिळतात, पण ज्या कारागिराचा वस्तरा त्या दगडावर बिघडतो, तो परत दुकानाची पायरी चढत नाही.

आज या हुनराचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, आता सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसवायचा उस्तरा असतो, दगडाला कोण विचारतो? ब्लेडची गोष्ट अगदी बरोबर आहे आणि तसेच असले पाहिजे. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी व एचआयव्ही हे रोग रक्तातून पसरतात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाला नवे ब्लेड हाच नियम. एकच दगडी धारेचा वस्तरा अनेकांच्या गालावर फिरवणे चूक आहे. पण स्वतःचा वस्तरा फक्त स्वतःसाठी वापरणारे शौकीन आहेत, घरातला जुना वस्तरा चालू करून मागणारे आहेत आणि त्यांना धार लावून देणारे कारागीर कमी झाले आहेत. ज्याच्याकडे हे काम आहे त्याने ते मोटारीच्या चाकावर करू नये. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापले की निळे पडते, आणि वस्तऱ्याची कठीणता त्याच्या आधीच कमी होऊ लागते. पातळ धारेला एवढे तापायला क्षणच पुरतो.

शिवाय दगड सपाट ठेवण्याचा नियम एकट्या वस्तऱ्यापुरता नाही. सुताराची पटाशी व रंध्याचे पाते, चामड्याच्या कारागिराची रापी, ही सारी हत्यारे अशाच दगडावर येतात. ज्या घरात एक सपाट दगड आहे, तिथे चार हत्यारे नीट राहतात.

नव्या शागिर्दाला माझे सांगणे एवढेच आहे. महागडा दगड घेण्याआधी एक पेन्सिल, एक पट्टी, एक काच आणि एक ब्रश जवळ ठेवा. दर वेळी काम सुरू करण्याआधी रेघा काढून बघा, दोन मिनिटे लागतात. जाड व मऊ दगड वारंवार सपाट करावा लागेल, घट्ट व बारीक दगड क्वचित. पण तपासणी मात्र दर वेळी करा.

आमचे खलीफा तो एक वाचलेला वस्तरा आजही वापरतात. दगड काढला की आधी नातवाकडे पेन्सिल मागतात. दुसरा, निळा पडलेला वस्तराही त्यांनी टाकलेला नाही. कोणी धार लावायला आले की आधी तो वस्तरा त्याला दाखवतात आणि मगच दगडाला पाणी लावतात.